हाक आडनावाने, ओ ज्याची त्याची

'वारसा' हा शब्द नुसता उच्चारला, तरी मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. पहिली, वडिलोपार्जित वाडा. दुसरी, त्या वाड्यावरून कोर्टात चाललेला दावा. आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना परंपरेचा वारसा म्हणून एक तिसरी गोष्ट ठाऊक असते. हा वारसा दर व्याख्यानात आढळतो. त्याच्यावरून कुणी दावा लावल्याचे मात्र ऐकिवात नाही. या तिहींत संगणकवाल्यांनी चौथ्या वारशाची भर घातली आहे. तेव्हा घरातली एखादी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी फराळाच्या ताटावर 'इनहेरिटन्स' आणि 'डायनॅमिक डिस्पॅच' असे काही पुटपुटू लागली, तर वाचकहो, घाबरू नका. ती घराण्याच्याच गोष्टी बोलत असते.

दिवाळीच्या दिवसांत उदाहरणासाठी लांब जायला नको. 'फटाका' हे एक घराणे समजा. पेटवता आले पाहिजे, एवढीच या घराण्याची अट. फुलबाजी, भुईचक्र, भुईनळा ही त्या घराण्यातली मुले. हाती उदबत्ती घेतलेला पोरगा एकच आज्ञा देतो, 'पेट!' फुलबाजी ठिणग्या उडवते, भुईचक्र गरगर फिरते, भुईनळ्याचे कारंजे होते. आज्ञा एक, आणि तऱ्हा तीन. काय घडायचे ते आज्ञा करणाऱ्यावर अवलंबून नाही. समोर कोण आहे, त्यावर ते ऐन वेळी ठरते. डायनॅमिक डिस्पॅच म्हणतात तो हाच. दारातून आडनावाने हाक मारावी आणि घरात जो असेल त्याने आपल्या आवाजात ओ द्यावी, त्यातला हा प्रकार.

जावा किंवा सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत दारावर एक कडक रखवालदारही असतो. त्याचे नाव कंपायलर. 'फटाका' असे लिहिलेल्या खोक्यात कुणी चकली ठेवू लागला, तर तो प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही. चकलीला 'पेट' म्हटल्यावर काय होते, ते पाहण्याची पाळीच येऊ नये, हा त्याचा हेतू. मात्र खोक्यात फुलबाजी आहे की भुईचक्र, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते, आणि त्यावाचून त्याचे अडतही नाही. घराणे आधी तपासायचे. व्यक्ती कोण, ते वेळेवर पाहायचे.

आणि हे वेळेवर पाहणे म्हणजे काही जादू नव्हे. सी प्लस प्लसचे कंपायलर सामान्यतः अशा प्रत्येक क्लाससाठी, म्हणजे वस्तूंच्या प्रत्येक प्रकारासाठी, एक तक्ता तयार करतात. कोणती कृती संगणकाच्या स्मृतीत कुठे आहे, त्याचे पत्ते त्यात असतात. फुलबाजीचा तक्ता वेगळा, भुईचक्राचा वेगळा. पण 'पेट'ची ओळ दोन्हींत एकाच क्रमांकावर. प्रत्येक वस्तू आपल्या तक्त्याची खूण जवळ बाळगते. हाक आली की खूण पाहायची, तक्ता काढायचा आणि ठरलेल्या ओळीवरच्या पत्त्यावर जायचे. एवढाच व्यवहार!

या साऱ्याचा उगम आहे नॉर्वेत. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर हे दोघे ओस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये 'सिम्युला' नावाची भाषा घडवीत होते. खऱ्या जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर उतरवावी, हा तिचा उद्देश. पुलावरचा टोलनाका आणि त्यापुढे ट्रक व बसगाड्यांची रांग, अशा एका नमुन्याचा विचार चालला असता त्यांना सूत्र सापडले. ट्रक निराळा, बस निराळी. पण रांगेत उभे राहण्यापुरती दोन्ही वाहनेच. तेव्हा सामाईक तेवढे एकदाच लिहावे आणि ज्याचे त्याचे वेगळेपण मागाहून जोडावे. १९६७ च्या सिम्युलात क्लास, उपक्लास आणि 'व्हर्चुअल' कृती अवतरल्या त्या अशा. टोलनाक्याच्या रांगेत आपल्यालाही पुष्कळ विचार सुचतात, पण ते छापण्याजोगे नसतात! या कामगिरीबद्दल दोघांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, आणि २००२ च्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही निवर्तले.

डेन्मार्कच्या ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस रचताना ही कल्पना सिम्युलातूनच उचलली. तिथे वडिलांच्या कृतीपुढे 'व्हर्चुअल' हा शब्द लिहायचा राहिला, तर वडिलांच्या नावाने मारलेल्या हाकेला वडीलच ओ देतात. मुलगा समोर उभा असून गप्प. १९९५ साली आलेल्या जावाने हा रिवाज फिरवला. तिथे मुद्दाम मनाई केली नसेल, तर मुलगाच ओ देतो.

इथवर सारे गोड झाले. खरी मेख पुढे आहे. रखवालदार आडनाव तपासतो, स्वभाव तपासत नाही.

जावाच्या पहिल्याच आवृत्तीपासून तिच्यात 'स्टॅक' नावाचा क्लास आहे. स्टॅक म्हणजे आपली उतरंड. मडक्यावर मडके चढवायचे, आणि काढायचे ते वरून. टंकलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये केलेला बदल मागे घेण्याची सोय असते ना, तीही अशाच उतरंडीवर चालवता येते. शेवटी केलेले आधी मागे येते. जावा रचणाऱ्यांनी ही उतरंड 'व्हेक्टर' नावाच्या घराण्यात जन्माला घातली. व्हेक्टर म्हणजे लांबत जाणारी रांग. तिच्यात मध्येच कुणालाही घुसवावे, मधूनच कुणालाही काढावे. काम हाताशी तयार होते, म्हणून आडनाव लावले. पण वारशात निवडानिवड चालत नाही. वाडा घेतला की वाड्यावरचे कर्जही घ्यावे लागते. रांगेच्या सगळ्या सवयी उतरंडीच्या अंगी आल्या. आता कुणी परका प्रोग्रॅम तिला 'व्हेक्टर' या नावाने हाक मारून खालचे मडके बिनदिक्कत ओढून काढू शकतो. कंपायलर हूं की चूं करीत नाही, कारण आडनाव बरोबर आहे! हा क्लास अजूनही जावात आहे. जुने असंख्य प्रोग्रॅम त्याच्यावर विसंबलेले, त्यामुळे काढून टाकणे सोपे नाही. जावाची अधिकृत माहितीच आता नव्या कामासाठी 'डेक' या दुसऱ्या सोयीकडे बोट दाखवते.

बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषीने १९८७ च्या एका व्याख्यानात या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. पुढे १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासह लिहिलेल्या निबंधात तो विचार काटेकोर मांडला. त्याचे तात्पर्य आपल्या भाषेत असे: वडिलांवर विसंबून जो कामे सोपवतो, त्याच्यापुढे मुलगा उभा केला तर त्याची फसगत होता कामा नये. मुलाने काम आपल्या पद्धतीने करावे. वडिलांनी दिलेला शब्द मात्र मोडू नये. आणि ज्याला तो शब्द पाळणे शक्य नाही, त्याने ते आडनावच लावू नये. उतरंडीला रांगेचे काम हवे होते, तर तिने रांग पदरी बाळगायची. सुतारकाम करून घ्यायचे म्हणून कुणी सुताराच्या घरी दत्तक जात नाही.

पुण्याईवर जगणाऱ्या मुलांना आपल्याकडे नावे ठेवण्याची चाल जुनी आहे. पण वारशाचा हा चौथा अर्थ कळल्यापासून मला वाटू लागले आहे की घराण्याचे नाव हा मुळात मुलाचा हक्कही नव्हे आणि वडिलांचा मोठेपणाही नव्हे. ज्या परक्या माणसाने त्या नावावर भरवसा ठेवून दारातून हाक मारली, त्याच्याशी झालेला तो करार आहे. तो माणूस आत कोण आहे ते पाहत नाही. आडनाव वाचतो आणि निर्धास्त होतो. त्याच्या त्या निर्धास्तपणाला जागणे, हे कुठल्याही रखवालदाराला तपासता येत नाही. ते ज्याने ओ दिली, त्यानेच सांभाळायचे असते.