चूक लेखणीची, हप्ता कोणाचा?



नवा रायपूर हे कचेऱ्यांचे शहर. महानदी भवनात मंत्रालय, इंद्रावती भवनात विभागप्रमुखांची कार्यालये. कचेरी आली की खातेनिहाय चौकशी आली आणि चौकशीत साक्ष उतरवून घेणारा लघुलेखकही आला. त्याच्या लेखणीतून एक ‘नाही’ गळला, तर निर्दोष माणसाची भाकरी जाऊ शकते. मग या नुकसानीची भरपाई कोणी द्यायची?

अमेरिकेत न्यायालयाचे अनेक लघुलेखक स्वतंत्र व्यवसाय करतात. खटल्याचा लेखी वृत्तांत वेळेवर न देणाऱ्या लघुलेखिकेला न्यायाधीशासारखे संपूर्ण संरक्षण नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला. त्यामुळे असे व्यावसायिक पदरच्या पैशाने दायित्व विमा उतरवतात.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. दिवाणी न्यायालयात साक्ष न्यायाधीशाच्या देखरेखीखाली लिहिली जाते, दुरुस्ती आणि सहीही त्याचीच. सरकारी जीपच्या चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल राजस्थान सरकारला भरपाई द्यावी लागली, तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६२ चा. थोडक्यात, बाहेरच्या माणसाला जबाब देणारा मालक असतो.

पण आतल्या बाजूचे काय? रेल्वेचे १९६८ चे शिस्त व अपील नियम आणि टपाल कर्मचाऱ्यांना लागू असलेले १९६५ चे नियम, दोन्हींत निष्काळजीपणाने झालेले नुकसान पगारातून वसूल करण्याची शिक्षा आहे. माणसे कमी, काम दुप्पट आणि चूक झाली की वसुली, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता लघुलेखनही ठेक्यावर दिले जाऊ लागले, तर ठेकेदार जबाबदारी लघुलेखकाच्या गळ्यात बांधील आणि विम्याचा हप्ताही त्यालाच भरायला लावील. केरळात १ नोव्हेंबर २०२५ पासून कनिष्ठ न्यायालयांत साक्ष टिपण्यासाठी संगणकीय यंत्रणा आली आहे. यंत्र चुकले तर दोष कोणाचा, हे आधीच लेखी ठरले पाहिजे.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी. ज्याचे काम, त्याची जोखीम. विमा लागणार असेल तर तो मालकाने उतरवावा, हप्ता मालकाने भरावा. ठेक्यावरच्या लघुलेखकालाही हेच संरक्षण मिळावे. लबाडी करणाऱ्याला पाठीशी घालायचे नाही, पण कामाच्या ओझ्याखाली झालेली चूक म्हणजे लबाडी नव्हे.

आणि चौकशीला बसणाऱ्या प्रत्येक सभासदाने एक लक्षात ठेवावे : साक्ष पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. हा विमा बिनहप्त्याचा आहे.