वऱ्हाडातले बेट

समुद्र नसला तरी आमच्या वऱ्हाडात एक बेट आहे. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांतून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी रेघ दिसते. परतवाड्याहून घाट चढलात की साडेतीन हजार फुटांहून उंच असे चिखलदरा लागते. वैशाखात खाली आम्ही भाजून निघतो, तेव्हा वर रात्री पांघरूण घ्यावेसे वाटते!

भीमाने कीचकाला लोटले तो हा कीचकदरा, आणि हात धुतले ते भीमकुंड, असे म्हातारी माणसे सांगतात. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने या पठाराचा ‘शोध’ लावला म्हणे! गवळी नि कोरकू तेथे आधीपासून राहतच होते. पण ते मोजायचे कोणी? साहेबांच्या वेळची कॉफी मात्र अजून रुजून आहे.

पाहुणे पंचबोलला हाका मारतात, मक्याचे कणीस खातात नि परततात. मी म्हणतो, वाचकहो, जवळचा गाविलगडही पाहा. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. पंधराच दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला, तो आमच्या गावी. तहामुळे गावाचे नाव पुस्तकांत गेले. बेनीसिंहाचे नाव मात्र परीक्षेत कोणी विचारीत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तट दाखवा. आणि पंचबोलला हाक मारायचीच, तर त्याच्या नावाने मारा. डोंगर तरी ते नाव परत घेईल.