भाडं थकलं तरी मीटरला हात लावू नका

अमरावतीचं राजापेठ असो की अकोल्याचं जठारपेठ, चार महिने भाडं थकलं की घरमालकाचा हात आधी मीटरकडे जातो. तिथंच तो फसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय वीज-पाणी तोडणाऱ्या घरमालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कलम १५ चा रस्ता असा: थकबाकीची लेखी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मग दिवाणी न्यायालयात दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं थकबाकी, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर या कारणावरून ताबा मिळत नाही. २००० पूर्वी वऱ्हाडात नोटिशीआधीच रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. त्या मानानं हे बरं.

खरी चूक घर देतानाच होते. ‘अकराच महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?’ असं सर्रास ऐकू येतं. पण कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल, तर मुदतीनंतर घर अडवणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट शुल्कही मागता येतं.