शिक्का नको, सवड द्या



कार्टून म्हटले की घरातली मोठी माणसे मान फिरवतात. पोरे गप्प बसतात, विड्यांचे सूप मांडीवर घेतलेल्या आईला घटकाभर उसंत मिळते, एवढाच त्याचा उपयोग अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण माणूस कसा ओळखायचा, याचे धडे आज मुले शाळेइतकेच मोबाईलच्या पडद्यावरही घेत असतात. म्हणून या वेळी आम्ही एका कार्टून मालिकेविषयी लिहीत आहोत. प्रश्न दोन आहेत. गोष्ट किती वेगाने पुढे जावी? आणि गोष्टीतले पात्र ‘तो’ की ‘ती’, हे कोणी ठरवावे? हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण एकाचे उत्तर दुसऱ्यात अडकलेले आहे.

‘तो की ती’ हा घोळ काही नवा नाही. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागत असे. त्यातला बघीरा सर्वांना आठवत असेल. किपलिंगच्या मूळ इंग्रजी पुस्तकात बघीरा नर आहे. रशियन भाषेत मात्र त्या जनावराचे नाव स्त्रीलिंगी, म्हणून तिकडच्या अनुवादात बघीरा मादी झाली. १९६७ ते १९७१ या काळात निघालेल्या सोव्हिएत कार्टूनपटांत तिला आवाजही बाईचाच मिळाला. तिथल्या मुलांचे त्याने काही बिघडले नाही.

आपल्याकडे तमाशातली मावशी पुरुषच करतो. सारा गाव ते जाणतो आणि मजेत पाहतो. पण मावशीच्या वाट्याला हशा येतो, गोष्ट येत नाही. ती कुठून आली, तिला काय सोसावे लागले, हे कोणी विचारीत नाही. चार टोले हाणायचे आणि बाजूला व्हायचे! हिंदी सिनेमानेही वर्षानुवर्षे तृतीयपंथी पात्राला असेच दोन मिनिटे आणून, हसवून घालवून दिले. वेगाचा प्रश्न इथे सुरू होतो. ज्याला दोन मिनिटेच मिळतात, त्याचे सोंग होते. माणूस म्हणून उभे राहायला वेळ लागतो.

आता ती मालिका. नाव ‘दि आऊल हाऊस’, म्हणजे घुबडाचे घर. डेना टेरेस या बाईंनी रचलेली ही गोष्ट अमेरिकेत डिस्ने वाहिनीवर जानेवारी २०२० ते एप्रिल २०२३ या काळात दाखविली गेली. लूझ नावाची चौदा वर्षांची मुलगी एका दारातून जादूगारांच्या दुनियेत जाते. तिथल्या लोकांच्या हृदयाला लागून जन्मतःच जादूची पिशवी असते. लूझ पडली माणूस, तिच्याजवळ ती नाही. तुला हे जन्मात जमणार नाही, असे तिला ऐकविले जाते. ही पोरगी मात्र कागदावर खुणा काढून, अभ्यास करून जादू शिकते! त्या दुनियेत सम्राटाचा कायदा असा की प्रत्येकाने नऊ प्रमुख संघांपैकी एकात जायचे. मनगटावर त्या संघाचा शिक्का बसला की बाकीच्या सगळ्या विद्या बंद. आमच्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही.

या गोष्टीत रेन व्हिस्पर्स नावाचे पात्र आहे. रेन स्वतःला पुरुषही म्हणवीत नाहीत आणि स्त्रीही म्हणवीत नाहीत. इंग्रजीत त्यांच्यासाठी अनेकवचनी सर्वनाम वापरले आहे. मराठीत क्रियापदालाही लिंग लागते, मग काय करायचे? आम्ही ‘ते’ लिहिले आणि वाक्य अडले नाही. ‘आई-वडील आले’ म्हणताना त्या ‘आले’मध्ये आई आणि वडील दोघेही सामावतातच की. भाषा अडवीत नाही, माणसे अडवितात.

रेन यांचा प्रवेश २०२१ साली, दुसऱ्या पर्वात होतो. पहिल्या पर्वाचे १९ भाग रमतगमत जातात. गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून काहींना ते कंटाळवाणेही वाटतील. पण त्याच संथपणात आपल्याला शिक्क्याचा जाच समजलेला असतो. म्हणून रेन येतात तेव्हा आधी दिसतो तो चारचौघांत वाजवायला घाबरणारा वादक, मग संगीत संघाचा प्रमुख असून सम्राटाविरुद्ध गुप्तपणे उभा राहिलेला बंडखोर. ते बाई की बुवा, असे त्या दुनियेत कोणी विचारीत नाही. कोणी भाषणही देत नाही.

दुसऱ्या पर्वाला २१ भाग मिळाले. तिसऱ्या पर्वाला मिळाले फक्त ३, तेही लांबविलेले. सलग चालणारी गोष्ट आणि जरा मोठ्या वयाचा प्रेक्षक कंपनीच्या चाकोरीत बसत नव्हता, असे टेरेस यांनी जाहीरपणे सांगितले आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. शेवट धावपळीत उरकला. रेन यांचा मोठा वेळ सम्राटाने ताबा घेतलेले शरीर म्हणून जातो, त्यांचे स्वतःचे बोलणे थोडेच उरते. वेळ कापला की आधी कोणाचा आवाज जातो, ते पाहून ठेवा.

हे सातासमुद्रापारचे झाले. आमच्या कुंभारीचे काय? विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत इथे २००६ साली उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील १५,००० घरांच्या चाव्या कामगारांना मिळाल्या. एवढ्या दाट वस्तीत माणसे एकमेकांना घाईतच ओळखतात. एका मुलाची हकीकत आम्हाला ठाऊक आहे. आवाज बारीक, चालणे इतर मुलांसारखे नाही. सहावीत असताना पोरांनी नाव ठेवले, मग गल्लीने तेच उचलले, मग घरातही तोच शब्द गेला. नववीत शाळा सुटली. आपण कोण आहोत हे त्याचे त्यालाही अजून उमगले नव्हते. ते शोधायला त्याला चार-पाच वर्षे हवी होती. आपण त्याला दिला फक्त शिक्का.

आपली ओळख आपण ठरविण्याचा हक्क संविधानाला धरूनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितले. २०१९ साली कवयित्री दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कार्यकर्तीला वंचित बहुजन आघाडीने राज्याच्या प्रवक्त्या म्हणून पुढे आणले. त्यांचे बोलणे लोकांनी सभांमधून ऐकले. सवड मिळाली की माणूस कुठवर जातो, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा माता-पित्यांना आमची विनंती एवढीच. मूल कार्टून पाहत असेल तर कधी अर्धा तास शेजारी बसा. या पात्राला सगळे का हसतात, हे त्याला विचारा. आणि गल्लीतल्या एखाद्या लेकराला कोणी भलत्या नावाने हाक मारली, तर तिथल्या तिथे टोका, त्याचे खरे नाव घ्या आणि त्याला शाळेपर्यंत सोबत करा. दहावीचा फॉर्म भरेपर्यंत ते शाळेत टिकले पाहिजे. बाकीचे ते आपले आपण, आपल्या वेळेने सांगेल.