पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोय हवीच

नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब आहे. तो आपल्या मेहकर तालुक्यातून जातो. आता रस्त्यांवर विजेच्या गाड्याही दिसतात. लोणारचे सरोवर पाहायला जाणाऱ्या पाहुण्यांची बॅटरी इथेच उतरली, तर त्यांनी काय करावे?

सरकारने २०१९ साली एक नियम केला. पेट्रोल विकायचा नवा परवाना घेणाऱ्या कंपनीने पंप सुरू झाल्यापासून तीन वर्षांत तिथे सीएनजी, चार्जिंग अशी एक तरी नवी सोय करावी. पण सीएनजी ठेवला की नियम पाळला जातो, अन् चार्जिंग राहूनच जाते.

म्हणून मला वाटते, मोठ्या रस्त्यावरच्या प्रत्येक पंपाला चार्जिंगची सक्ती करावी. पंपावर चाकात हवा फुकट भरून देतात, प्यायला पाणीही असते. चार्जिंगचे तर पैसे मिळतील.

कोणी म्हणेल, आपल्याकडे लाइन घडीघडी जाते. ते खरे आहे. लवकर चार्ज करायच्या मशीनला वीजही खूप लागते. तो खर्च खेड्यातल्या लहान पंपवाल्याला झेपणार नाही. त्याला सरकारने मदत करावी, मुदतही द्यावी.

चार्जिंगला अर्धा-एक तास तरी लागतो. तेवढ्या वेळात पाहुणे चहा पितील, पेरू, शेंगा घेतील. आपल्या लोकांचा धंदा होईल.

पालकहो, तुम्हाला काय वाटते? आम्हाला जरूर सांगा.

— इयत्ता ४ थी