सभेत साळुंकीलाही जागा द्या

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात पक्षिनिरीक्षण मंडळ असेल, तर त्याच्या मासिक सभेला एकदा अवश्य जा. सभेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पाहुणे व्याख्यान देतात, पडद्यावर छायाचित्रे दाखवतात, मग चहा होतो आणि चहाबरोबर "या महिन्यात काय दिसले?" अशी विचारपूस सुरू होते. माझ्या मते सभेचा गाभा ही विचारपूसच होय, आणि नेमकी तीच आपण वाया घालवतो. कोणी स्वर्गीय नर्तक पाहिलेला असतो, कोणी नवरंग. त्यांच्याभोवती घोळका जमतो. ज्याच्या वहीत साळुंक्या, कावळे आणि चिमण्याच आहेत, तो वही मिटून बिस्किटे खात उभा राहतो.

अशा सभा आपल्याकडे जुन्या आहेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण एकत्र आले. दर महिन्याला भेटून आपापली टिपणे सांगायची आणि नमुने दाखवायचे असे त्यांनी ठरवले. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी गृहस्थ होते. यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. तेथे नुसते ऐकायला जायचे नव्हते. प्रत्येकाने काहीतरी आणायचे होते.

पण साळुंकी-चिमणीची नोंद आणून काय साधणार? चिमणीचेच पाहा. "चिमण्या संपत चालल्या" असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो १५,००० हून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला होता. त्यात असे दिसले की, मोठ्या शहरांत चिमणी कमी झाली असली, तरी देशभरात मिळून तिची संख्या सुमारे पंचवीस वर्षे साधारण स्थिर राहिली आहे. चिमणीसारखा 'क्षुल्लक' पक्षीही ज्यांनी टिपून ठेवला, त्यांच्यामुळे हे कळले.

यातली खुबी पूर्ण यादीत आहे. ठरलेल्या जागी अर्धा तास फिरून ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहिला, तर न दिसलेल्या पक्ष्याचीही आपोआप नोंद होते. समजा, यंदा वीसपैकी पंधरा याद्यांत चिमणी आहे आणि दहा वर्षांनी सहाच याद्यांत आहे, तर काहीतरी बिनसले आहे असे मानायला जागा आहे. याद्या अर्धवट असतील, तर चिमणी नव्हती की कोणी लिहिलीच नाही, हे कोण सांगणार?

याद्या वाचणे कंटाळवाणे होईल, असे काहींना वाटेल. खरेच आहे, पंचवीस जणांनी वाचायचे म्हटले, तर पाहुणेसुद्धा उठून जातील! म्हणून व्याख्यानाआधी दहाच मिनिटे ठेवावीत आणि एकाच विद्यार्थ्याने एकाच जागेची यादी वाचावी. शाळेचे मैदान चालेल, तळ्याचा काठ त्याहून बरा. पहिले दोन-तीन महिने कोणी फारसे लक्ष देणार नाही. मग ऑक्टोबरच्या यादीत धोबी येतो, उन्हाळ्यात तो गळतो, आणि पुढच्या वर्षी "अजून आला नाही?" अशी चौकशी सुरू होते.

शिक्षकांना एक सांगणे आहे. ही वही मुलाच्या दप्तरात न ठेवता मंडळाच्या कपाटात ठेवा. मुले दहावी होऊन शाळा सोडतात. दहा वर्षांची तुलना करायची, तर वही मागे राहायला हवी.