सुशिक्षितांचें संततिनियमन

गर्भनिरोधाचें साधन फसून नको असतां दिवस गेले, कीं दोष बाईच्या अज्ञानावर ढकलण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. बाई निरक्षर असली तर ‘शिकलेली असती तर असें झालें नसतें’ म्हणावयाचें. पदवीधर असली तर ‘एवढी शिकून असें कसें झालें?’ म्हणून तिला लाजवावयाचें. दोन्ही उद्गारांच्या मुळाशीं समजूत एकच : शिक्षण वाढलें कीं साधन फसत नाहीं. ही समजूत आमच्या वर्गाला सुखविणारी आहे. खरी मात्र नाहीं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें ३८ टक्के स्त्रियांनीं नसबंदी करून घेतली आहे. पुरुषाच्या नसबंदीवर विसंबणारीं जोडपीं ०.३ टक्के! स्त्रियांची ही शस्त्रक्रिया कमी शिकलेल्यांत अधिक. शिक्षण वाढतें तसें तिचें प्रमाण उतरतें आणि निरोध व पारंपरिक उपाय पुढें येतात. आतां या साधनांची कसोटी पाहा. स्त्रीची नसबंदी पहिल्या वर्षांत दोनशेंत एखादीच फसते. निरोध बिनचूक वापरला तर वर्षांत शंभरांपैकीं दोघींना दिवस जातात. पण माणसें वापरतात तसा वापरला, तर अमेरिकेंतील अंदाजाप्रमाणें तेराजणींना. वीर्यपात बाहेर करण्याच्या उपायांत हाच आंकडा विसांच्या घरांत जातो. म्हणजे अशिक्षित बाईपुढें बहुधा शस्त्रक्रिया हा एकच मार्ग ठेवून आपण तिची निवडच काढून घेतली आहे, आणि सुशिक्षित बाईचें नशीब रोज रात्रीं नव्यानें पणाला लागतें; तेंही नवऱ्याच्या सावधपणावर.

कोणी म्हणेल, शिकलेलीं माणसें तेंच साधन अधिक नीट वापरतात. वापरीत असतीलही. परंतु तेरांचे निम्मे केले तरी ते नसबंदीच्या तेरापट उरतात! शिवाय नीट वापरावयास त्यांना शिकविलें कोणीं? ओगिनो व क्नाउस यांनीं बीजांड केव्हां सुटतें याचा उलगडा १९२० नंतरच्या दशकांतच केला. तरी ‘सुरक्षित दिवस’ कोणते हें आमच्या कित्येक पदवीधरांना आजही नीट सांगतां येत नाहीं. बेडकाची शरीररचना मात्र त्यांना तोंडपाठ असते. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. त्यांचा वाचक शिकलेलाच होता. आणि त्यांना अश्लील ठरवून नाकें मुरडणारेही अडाणी नव्हते. त्या नाक मुरडण्याचा वारसा आमच्या अभ्यासक्रमांनीं इमानानें सांभाळला आहे.

तांबी दहा वर्षें टिकते आणि क्वचितच फसते. पण ती वापरणाऱ्या विवाहिता शंभरांत दोनच आहेत. पुरुषाची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून सोपी व कमी धोक्याची; तिच्याकडे तर सुशिक्षित गृहस्थ ढुंकूनही पाहत नाहींत. स्त्रीशिक्षणावर व्याख्यानें देण्यास मात्र ते केव्हांही तयार!

१९७१ च्या कायद्यानें साधन फसणें हें गर्भपाताचें कारण म्हणून विवाहितेपुरतें मान्य केलें. २०२१ च्या दुरुस्तीनें तें कोणत्याही स्त्रीस लागू झालें. त्या कलमांत तिच्या शिक्षणाची चौकशी नाहीं. ती चौकशी घरांतले करतात, शेजारीं करतात, कधीं कधीं दवाखान्यांतही होते. आणि शेजारीं बसलेल्या नवऱ्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं.